पायऱ्या नसलेलं कोर्ट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे सांगतात. अमेरिकेतल्या पिट्सबर्गकरांनी त्याहून पक्का बंदोबस्त केला: कोर्टाच्या पायऱ्याच काढून टाकल्या.

तिथल्या ग्रँट स्ट्रीटवर ॲलेगेनी काउंटीचं कोर्ट आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. दर्शनी बाजूला मधोमध उंच मनोरा, त्याच्या पोटात भल्या थोरल्या दगडी कमानी. या कमानींतूनच आत शिरायचं, असं बांधणाऱ्याच्या मनात होतं. आज त्या कमानी आपल्या डोक्याच्या वर, चांगल्या एक मजला उंचीवर आहेत. तिथपर्यंत जायला बाहेरून ना जिना, ना उतार. आपण त्यांच्या खालच्या ठेंगण्या दारांतून आत जातो, आणि ही दारं मुळात तळघराची. १८८८ साली इमारत पुरी झाली तेव्हा हा सगळा भाग जमिनीखाली होता. १९१३ च्या सुमारास गावाने समोरची टेकडी कापून काढली आणि रस्ता काही ठिकाणी पंधरा-सोळा फुटांनी खाली गेला. तळघर उघड्यावर आलं आणि मुख्य दार अधांतरी राहिलं.

यातली खरी गंमत पुढेच आहे. टेकडी कधीतरी कापली जाणार, हे वास्तुरचनाकार हेन्री हॉब्सन रिचर्डसनने ओळखलं होतं. पिट्सबर्गमध्ये हा उद्योग त्याच्या आधीही दोनदा झाला होता. म्हणून जमिनीत गाडल्या जाणाऱ्या चिऱ्यांचे थरही त्याने वरच्यासारखेच नीट घडवून बसवले. कोणाला दिसणार नाही अशा दगडावर टाकी चालवायचा खर्च काउंटीकडून मंजूर करून घेणारा माणूस साधा नसणार! पुढे माती निघाली तेव्हा भिंत कुठेही ओबडधोबड दिसली नाही. अंदाज चुकला तो फक्त फुटांचा. मग गावाने वरच्या दारापर्यंत जायला बाहेरून एक मोठा जिना बांधला. पुढे रस्ता रुंद करायची वेळ आली, मोटारींना जागा हवी होती, आणि तो जिनाही गेला.

इमारतींचे अभ्यासक याबद्दल हळहळतात. रचनेचा सगळा तोल बिघडला, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. समोरून पाहिलं की इमारत टाचा उंचावून उभी असल्यासारखी वाटते. तरी कोर्टात येणारी माणसं बघितली की माझा जीव काही त्या जिन्यासाठी हळहळत नाही. गुडघे धरलेली म्हातारी, दोन पोरांना दोन हातांत धरून आलेली बाई, कामावर खाडा करून आलेला आणि मान खाली घातलेला बाप्या. यांना आधी तीस-चाळीस पायऱ्या चढवून मग न्याय द्यायचा, या कल्पनेत भव्यता असेल, पण दया नाही.

भारतातून पाहुणे आले की इथले मराठी लोक त्यांना ठरलेली फेरी घडवतात. पेन हिल्सचं बालाजीचं देऊळ, माउंट वॉशिंग्टनच्या कड्यावर दोरखंडाने चढणारा इन्क्लाइनचा डबा, आणि जिथे ॲलेगेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्या मिळून ओहायो होते तो संगम. कोर्ट कोणी दाखवत नाही. कोर्ट ही हौसेने दाखवायची जागा असते, हेच आपल्या डोक्यात येत नाही. आपल्या आठवणीतलं कोर्ट म्हणजे तालुक्याच्या गावची कौलारू कचेरी, लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसलेला माणूस, पट्टेवाल्याने ताणून घातलेली पुकार, आणि भाऊबंदकीच्या दाव्यात पुढची तारीख घेऊन परत फिरणारे आजोबा. तिथे कमानींकडे कोण बघतो?

अमेरिकेत मात्र काउंटीचं कोर्ट ही त्या मुलखाची ओळख असते. पिट्सबर्ग ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियात अशा ६७ काउंट्या आहेत, टेक्सासात तर २५४. एकट्या ॲलेगेनी काउंटीत पिट्सबर्ग धरून १३० गावं आणि नगरं आहेत आणि प्रत्येकाचा कारभार वेगळा. पण खटला, तुरुंग, जमिनीचे दस्त आणि मृत्युपत्र यांसाठी सगळ्यांना काउंटीकडेच यावं लागतं. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी कलेक्टर कचेरीचा जो दबदबा, तो इथे कोर्टाचा. शिवाय इथले न्यायाधीश लोकांनी निवडून दिलेले असतात, दहा-दहा वर्षांसाठी. निवडणुकीच्या दिवसांत लोकांच्या अंगणात न्यायाधीशांच्या नावाच्या पाट्या रोवलेल्या दिसतात. नगरसेवकाची पाटी असावी तशी न्यायमूर्तींची पाटी गवतात वाऱ्याने हलते आहे, हे दृश्य पचायला मला बराच काळ लागला. अजून पुरतं पचलेलं नाही.

ही काउंटी १७८८ साली जन्माला आली. कायद्याने तिचं मुख्य ठाणं आधी नदीच्या पलीकडच्या तीरावर ठरवलं होतं. तिकडे जायला कोणी राजी नव्हतं, त्यामुळे तीन वर्षांत ते अलीकडे पिट्सबर्गला आलं. पहिलं कोर्ट बाजाराच्या चौकात उभं राहिलं. त्या चौकाला तेव्हा ‘डायमंड’ म्हणत, आज मार्केट स्क्वेअर म्हणतात. एका अंगाला भाजी-मटणाचा बाजार आणि दुसऱ्या अंगाला न्यायदान. बाजाराच्या दिवशीच कोर्टाची कामं उरकून घेण्याची सोय आपल्याकडच्या लोकांनाही पटली असती.

गाव फुगलं तसं हे कोर्ट अपुरं पडू लागलं आणि काउंटीने ग्रँटची टेकडी निवडली. मेजर जेम्स ग्रँट हा ब्रिटिश सैन्यातला स्कॉटिश अधिकारी. सप्टेंबर १७५८ मध्ये तो फ्रेंचांच्या फोर्ट ड्युकेन या किल्ल्यावर चालून आला, याच टेकडीवर त्याच्या तुकडीची दाणादाण उडाली आणि तो स्वतः कैद झाला. टेकडीला नाव मिळालं ते हरलेल्याचं. तिथे १८४१ साली दुसरं कोर्ट पुरं झालं. जॉन चिझलेट नावाच्या इंग्लंडहून आलेल्या वास्तुरचनाकाराचं ते काम. ग्रीक मंदिरासारखे डोरिक खांब, वर घुमट. त्या काळी अमेरिकेत सरकारी इमारत म्हटली की ग्रीक खांब हवेतच, अशी रीत होती. लोकशाही ग्रीकांकडून घेतली, मग खांबही त्यांचेच.

हे खांब होते जवळपासच्या खाणीतल्या वालुकाश्माचे, आणि पिट्सबर्गच्या हवेपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. दगडी कोळसा जाळणारं गाव. काचेच्या भट्ट्या, लोखंडाच्या भट्ट्या, घरोघरच्या चुली. १८६८ साली एका लेखकाने टेकडीवरून खाली पाहून ‘झाकण काढलेला नरक’ असं पिट्सबर्गचं वर्णन केलं. ते गावाला इतकं चिकटलं की आजही लोक ते कौतुकानेच सांगतात. त्या धुरात वालुकाश्म झिजला, त्याचे पापुद्रे सुटले. आणि मे १८८२ मध्ये आग लागून ही इमारत जळाली.

त्याआधी पाचच वर्षं पिट्सबर्गने आणखी एक मोठी आग पाहिली होती. १८७७ च्या रेल्वे संपात सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, जमावाने रेल्वेचं आवार पेटवून दिलं आणि त्या जळालेल्या मालमत्तेची भरपाई शेवटी काउंटीच्या करदात्यांच्या माथी आली. त्यामुळे नवीन कोर्ट आणि त्याला जोडून तुरुंग बांधायची वेळ आली, तेव्हा काउंटीच्या कारभाऱ्यांना न जळणारं, न झिजणारं आणि सहजासहजी कोणी हात घालायला धजणार नाही असं काहीतरी हवं असणार. त्यांच्या कागदांत असं लिहिलेलं नाही. पण इमारतीकडे पाहिलं की हा तर्क करण्यावाचून राहवत नाही.

पाच वास्तुरचनाकारांना आराखडे मागितले. १८८४ च्या सुरुवातीला बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनहून रिचर्डसनला बोलावणं आलं.

रिचर्डसन हा एक वल्ली होता. लुइझियानातल्या मळेवाल्यांच्या घरात १८३८ साली जन्म, हार्वर्डमध्ये शिक्षण, मग पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये. तिथे शिकलेला तो दुसराच अमेरिकन वास्तुरचनाकार. तो तिकडे असतानाच इकडे यादवी युद्ध पेटलं, घरून येणारे पैसे थांबले आणि पठ्ठ्याने पॅरिसमध्येच नोकरी करून दिवस काढले. परत आला तो डोक्यात ग्रीक खांब न घेता. त्याला ओढ होती त्याच्या काळाच्या सात-आठशे वर्षं आधीच्या रोमनेस्क देवळांची. फ्रान्स-स्पेनच्या खेड्यापाड्यांतल्या जाड भिंती, बुटके खांब आणि अर्धगोल कमानी यांची. बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चने त्याचं नाव देशभर झालं. अंगाने अवाढव्य, बोलताना अडखळणारा, खाण्यापिण्याचा शौकीन, भडक पिवळे जाकीट घालणारा. आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याने आतून पोखरलेला. शेवटची वर्षं तो बराचसा अंथरुणातूनच काम करत होता. ब्रुकलाइनच्या घरालाच जोडून त्याचं ऑफिस. तरुण मदतनीस आराखडे घेऊन त्याच्या खोलीत येत आणि त्याने ओढलेल्या जाड पेन्सिलीच्या रेघा घेऊन परत जात.

पिट्सबर्गचं काम हे आपलं सगळ्यात मोठं काम आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या तोंडी एक वाक्य नोंदलं गेलं आहे: ‘आजवर केलेल्या माझ्या खुज्या कामांसाठी हे लोक माझा एवढा मान ठेवतात, तर पिट्सबर्ग पुरं झालेलं पाहून काय म्हणतील?’ स्वतः त्याला ते पाहायला मिळालं नाही. एप्रिल १८८६ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, तो गेला. तुरुंगाचा भाग त्याच वर्षी पुरा झाला. कोर्टाला आणखी दोन वर्षं लागली. शेपली, रुटान आणि कूलिज या त्याच्या तिघा मदतनिसांनी त्याच्या आराखड्याबरहुकूम ते तडीला नेलं. बांधणारे होते मॅसॅच्युसेट्सचे नॉरक्रॉस बंधू, रिचर्डसनचे नेहमीचे कंत्राटदार. दगडही तिकडचाच, मिलफर्डच्या खाणीतला गुलाबी छटेचा ग्रॅनाइट. वालुकाश्माने दिलेला धडा काउंटी विसरली नव्हती. ग्रॅनाइट झिजला नाही; काळा मात्र ठिक्कर पडला. पुढे १९४० च्या दशकात धूरबंदीचा कायदा अमलात येईपर्यंत या गावात भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. त्या काळातल्या पिढ्यांनी हा दगड काळाच आहे असं समजून आयुष्य काढलं असेल.

मी ही इमारत नीट पाहिली ती ज्युरीचं, म्हणजे खटला ऐकून निवाडा देणाऱ्या साध्या नागरिकांत बसायचं, बोलावणं आलं तेव्हा. एरवी समोरून जाताना नजर टाकायचो तेवढीच. नागरिकत्व घेतलं की मताबरोबर हेही येतं: काउंटीचा लिफाफा, त्यात तारीख, आणि न आल्यास काय होईल याची सौम्य शब्दांतली धमकी. पेनसिल्व्हेनिया राज्य ज्युरीला पहिले तीन दिवस रोज नऊ डॉलर देतं आणि त्यापुढे पंचवीस, शिवाय मैलाला सतरा सेंट. तिथल्या गाडीतळाचं भाडं याच्या दुप्पट सहज होतं. या हिशोबावर सगळेच विनोद करतात; त्या दिवशी शेजारी बसलेल्या, बस चालवण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनीही केला. बोलावलेल्यांपैकी बहुतेकांचं काम म्हणजे बसून राहणं. वकील येऊन चार प्रश्न विचारतात, तुमच्या तोंडाकडे बघतात आणि ‘धन्यवाद’ म्हणून घरी पाठवतात. माझंही तेच झालं. पण मधल्या रिकाम्या वेळात इमारतभर हिंडायला कोणी आडकाठी केली नाही.

तळघरातल्या ठेंगण्या बोळातून आत गेलं की अंगावरची किल्ली, पट्टा, फोन काढून ट्रेमध्ये ठेवायचे. तिथून एक मजला वर चढलं की रिचर्डसनचा खरा जिना लागतो. हा मात्र शाबूत आहे. कमानीवर कमान, कमानीपलीकडे आणखी एक कमान. जिना वळतो तशा त्या एकमेकींतून सरकत जातात. त्या जवळून पाहायला हव्यात. खांब इतके बुटके की त्यांची नक्षीदार बोंडं माणसाच्या डोळ्यांसमोर येतात. पानं कोरताना छिन्नी कुठे खोल गेली आणि कुठे वरवर फिरली, ते बोट ठेवून सांगता येतं. कठड्याच्या कडा लाखो तळहातांनी गुळगुळीत झालेल्या. आणि त्याच कमानीच्या कोपऱ्यात खिळे मारून नेलेली विजेची नळी, खाली कागदाची पाटी: ‘दाव्यांची यादी पुढच्या दारावर’. सरकारी खातं कुठलंही असो, सुंदर भिंतीवर चिकटपट्टीने कागद लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

मधल्या सुट्टीत डबा घेऊन मी आतल्या चौकात गेलो. खरी इमारत तिथे कळते. बाहेरून गढी वाटणारं हे कोर्ट आतून चौसोपी वाडा आहे. चारी बाजूंनी एकेका खोलीच्या जाडीचे सोपे आणि मध्ये आभाळाला मोकळा चौक. रिचर्डसनने ही रचना दिखाव्यासाठी केलेली नाही. विजेचे दिवे तेव्हा नवे नवे, गावात धूर. न्यायाधीशाला कागद वाचता यायला हवा तर उजेड बाहेरूनच आला पाहिजे. म्हणून कोर्टाच्या खोल्या अशा बेताने मांडल्या की रस्त्याच्या बाजूने नाहीतर चौकाच्या बाजूने उजेड मिळावाच. चौकातल्या भिंतींवर नक्षी जवळजवळ नाही. नुसत्या ओळीने कमानी; खाली मोठ्या, वर लहान होत गेलेल्या. दर्शनी बाजूला रिचर्डसन थोडा मोठ्याने बोलतो. इथे त्याला कोणावर छाप पाडायची नाही आणि म्हणून तो मला इथे जास्त आवडतो. मध्यंतरी बरीच वर्षं या चौकात गाड्या उभ्या करत असत. १९७० च्या दशकात त्या हटवून कारंजं आणि झाडं आली. आता कारकून, वकील, जामिनावर सुटलेले आणि सोडवायला आलेले, सगळे एकाच बाकावर बसून सँडविच खातात.

तो उंच मनोराही नुसता मानासाठी नव्हता, हे मला फार आवडलं. तो श्वास घेण्यासाठी होता. खालची हवा काजळीने भरलेली. तेव्हा मनोऱ्याच्या टोकाशी, धुराच्या थराच्या वरून, हवा आत ओढायची, खाली तळघरात आणायची, गरम करून खोल्याखोल्यांतून फिरवायची आणि मागच्या बाजूच्या दोन मनोऱ्यांतून बाहेर सोडायची, अशी योजना होती. गावाने स्वतःची हवा खराब केली म्हणून न्यायासाठी वरची हवा आणावी लागली. बाहेरच्या लोकांनी काय घ्यायची ती घ्यावी!

मागच्या बाजूला रॉस स्ट्रीट ओलांडला की तुरुंग. वास्तुकलेच्या जाणकारांना विचारलं तर त्यातले बरेच जण सांगतील की रिचर्डसनचं सगळ्यात मोठं काम कोर्ट नव्हे, ही तुरुंगाची भिंत. मीही त्यांच्यातलाच. तिच्यात काहीच नाही. मोठमोठे चिरे, दर्शनी बाजू खडबडीत तशीच ठेवलेली, एकावर एक रचलेले. खिडकी नाही, पट्टी नाही, कोरीव काम नाही. एका ठिकाणी बुटकी रुंद कमान आणि तिच्यात दार. त्या कमानीचे दगड पाचरीसारखे लांबच लांब, अर्ध्या भिंतीत शिरलेले. पुढे उभं राहिलं की हे दार उघडण्यासाठी केलेलं नाही, एवढं स्पष्ट कळतं. आत मध्ये अष्टकोनी गाभा आणि त्यातून फुटलेल्या कोठड्यांच्या रांगा. मधे उभा राहिलेला पहारेकरी सगळीकडे बघू शकेल अशी फिलाडेल्फियाच्या जुन्या तुरुंगाने रूढ केलेली मांडणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेडरिक ऑस्टरलिंग याने हा तुरुंग वाढवला आणि रिचर्डसनच्या दगडाशी आपला दगड असा मिळवला की सांधा शोधावा लागतो. अशा कामाचं कौतुक सहसा कोणी करत नाही, म्हणून इथे करून ठेवतो.

कोर्ट आणि तुरुंग यांना जोडणारा एक झाकलेला दगडी पूल रस्त्यावरून जातो. व्हेनिसच्या उसासे टाकणाऱ्या पुलावरून बेतलेला, नावही तेच. कैद्याला रस्त्यावर न आणता कोठडीतून थेट न्यायाधीशासमोर आणायचं आणि शिक्षा झाली की तसंच परत न्यायचं.

पुलाखालून १८९२ साली फार गर्दी लोटली असणार. त्या जुलैत, मोनोंगहेलेच्या काठी होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात, संपकरी आणि कंपनीने आणलेले पिंकर्टनचे हत्यारबंद रखवालदार यांच्यात दिवसभर लढाई झाली, माणसं मेली. संपाच्या पुढाऱ्यांवर खुनाचे खटले भरले गेले. एवढ्यावर भागलं नाही. पेनसिल्व्हेनियाचे सरन्यायाधीश स्वतः पिट्सबर्गला आले आणि हा राज्याविरुद्धचा द्रोह आहे असं त्यांनी ज्युरीला समजावलं. त्याच महिन्यात अलेक्झांडर बर्कमन नावाच्या तरुण अराजकवाद्याने कारखान्याचा कारभारी हेन्री क्ले फ्रिक याच्यावर त्याच्या कचेरीत शिरून गोळ्या झाडल्या. फ्रिक वाचला. बर्कमनने वकील घेतला नाही, आपलं म्हणणं जर्मनमध्ये लिहून आणलं, दुभाष्याने ते कसंबसं सांगायला घेतलं, आणि खटला एका दिवसात उरकला. बावीस वर्षं. त्यातली चौदा त्याने भोगली. होमस्टेडच्या संपकऱ्यांचं मात्र वेगळं झालं. खुनाच्या खटल्यांत ज्युरीने त्यांना एकामागून एक सोडून दिलं, आणि द्रोहाचे आरोप पुढे वाऱ्यावर विरले. एवढे दगड रचून जो धाक उभा केला होता, त्याच्या आत बसलेल्या बारा जणांनी तो मानला नाही. मला वाटतं, या इमारतीच्या हातून झालेलं हे सगळ्यात चांगलं काम. नऊ डॉलरवाल्या बाकावर बसल्या बसल्या मला तेच आठवत होतं.

आणि न उघडणाऱ्या दाराचं म्हणाल तर ते आतून उघडलं. एड आणि जॅक बिडल हे दोन भाऊ खुनाच्या आरोपाखाली फाशीची वाट बघत होते. तुरुंगाच्या वॉर्डनची बायको केट सोफेल कैद्यांना बायबल वाचून दाखवायला कोठड्यांकडे जायची. तिने त्यांना करवती आणि पिस्तुलं पोचवली, आणि ३० जानेवारी १९०२ च्या पहाटे ती त्यांच्याबरोबर पळून गेली. दुसऱ्याच दिवशी बटलरजवळ बर्फात घसरगाडीवरून जाताना तिघांना पोलिसांनी गाठलं. दोघे भाऊ जखमांनी मेले. केट वाचली आणि शिक्षा भोगून सुटली. गावाला ही गोष्ट अजून पुरते. रिचर्डसनच्या ग्रॅनाइटचा यात काही दोष नाही. भिंतीचा आराखडा करताना वॉर्डनच्या संसाराचा विचार त्याने का करावा?

पिट्सबर्गच्या या कोर्टाची पुढे नक्कल किती झाली, याला सुमार नाही. मिनियापोलिस, टोरोंटो, लॉस एंजेलिस, सगळीकडे त्या वळणाचा मनोरा आणि त्या कमानी उगवल्या. टेक्सासात जेम्स रायली गॉर्डनने या शैलीत एकामागून एक काउंटी कोर्टं उठवली. वॉक्साहाचीचं लाल-गुलाबी कोर्ट त्यातलं सगळ्यात देखणं. पण बहुतेकांनी मनोरा घेतला आणि तुरुंगाची भिंत सोडून दिली. पंधरा वर्षांत ही फॅशन उतरली, आणि ग्रीक-रोमन खांब पुन्हा आले. पिट्सबर्गमध्येच कोर्टाच्या शेजारी १९१७ साली हेन्री हॉर्नबॉस्टेलची सिटी-काउंटी बिल्डिंग उभी राहिली, खांबांसकट. समोर फ्रिकने १९०२ मध्ये आपली उंच इमारत बांधून ठेवलीच होती. टेकडी कापल्यावर तिचंही तळघर रस्त्यावर आलं. फ्रिकचा आणि कोर्टाचा हिशोब टेकडीने असा सारखा केला.

तुरुंग पाडायचे बेत अधूनमधून निघाले आणि बारगळले. दगड फार आहे, हे त्याचं एक कारण असावं. १९७६ साली कोर्ट आणि तुरुंग दोन्हींना राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. १९९५ मध्ये काउंटीने नदीकाठी नवा तुरुंग बांधून कैदी तिकडे हलवले आणि रिकाम्या तुरुंगाचं काय करायचं हा प्रश्न उरला. २००० साली तिथे कौटुंबिक न्यायालय आलं. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा. कोठड्यांची एक रांग नमुन्यादाखल ठेवली आहे, बाकी काढून मजले आणि कचेऱ्या केल्या. काम फार हुशारीने केलेलं आहे, बक्षीस देण्याजोगं. तरीही आईबापांनी मुलाचा हात धरून या कमानीतून आत जायचं, हे माझ्या गळी उतरत नाही. मेजावर आराखडा मांडून बघणाऱ्यांना जागेचा उत्तम वापर दिसला. कमानीसमोर आठ वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून काय दिसतं, हे बहुतेक कोणी वाकून पाहिलं नाही.

इमारत टिकली, पण आतली पदं बदलत गेली. त्यातलं एक गेलं त्याची मला चुटपुट आहे. दिवाणी दाव्यांचे कागद सांभाळणारा जो मुख्य अधिकारी, त्याला इथे प्रोथोनोटरी म्हणत, आणि तोही निवडून यायचा. अध्यक्ष ट्रुमन पिट्सबर्गला आले असताना त्यांची प्रोथोनोटरीशी ओळख करून दिली, तेव्हा ‘हा काय प्रकार असतो बुवा?’ असं त्यांनी जरा शिवराळ भाषेत विचारल्याचं इथले लोक सांगतात. २००५ साली मतदारांनी असली निवडून द्यायची पदं कमी करायला कौल दिला. २००८ मध्ये प्रोथोनोटरीचं दफ्तर कोर्टाच्या अभिलेख खात्यात विलीन झालं आणि पाट्या उतरल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत मात्र ‘प्रोथोनोटरी आणि सीनियर मास्टर’ हे पद अजून आहे. रिचर्डसनच्या दहा वर्षं आधी, १८७८ साली, कर्नल फुलरने पुऱ्या केलेल्या त्या दगडी गॉथिक इमारतीत वकील आजही त्याच्याकडे कागद दाखल करतात. चौकातल्या बाकावर एखादा जुना वकील भेटला आणि गेलेल्या दिवसांबद्दल कुरकुरायला लागला, तर मी त्याला सांगतो: तुमचा प्रोथोनोटरी हवा असेल तर फोर्टात जा, चर्चगेटला उतरून दहा मिनिटं चालावं लागेल.